मशीनवरची चिठ्ठी

दवाखान्यासाठी मी बनवलेला एआय मदतनीस पुन्हा चुकला. एका आजींच्या नावावर त्यानं तीन अपॉइंटमेंट टाकल्या. तो वापरतो ते नोंदणीचं टूल उत्तर द्यायला वेळ लावतं. हा पठ्ठ्या तेवढ्यात पुन्हा नोंदवून मोकळा. ते टूल कसं वापरायचं, याची माहिती त्याच्यासाठी मीच लिहिली होती. वैतागून उठले, तर वॉशिंग मशीनवर आईनं बाबांसाठी चिकटवलेली चिठ्ठी दिसली. "बटण दाबल्यावर दोन मिनिटं काहीच होत नाही. बिघडलेलं नसतं. पुन्हा दाबू नका. अडलं, तर मला हाक मारा." कपाळावर हात मारून मी तेच टूलच्या माहितीत उतरवलं. पुन्हा चालवून पाहिलं, तर मदतनीस शहाण्यासारखा थांबला. एकच अपॉइंटमेंट! इतक्यात बाबांनी आईला हाक मारली, "अगं, जरा येतेस का?" मशीन तर चालूच होतं. "बाबांना अजून चिठ्ठी कळत नाही?" मी विचारलं. आई हसली. "सगळी कळते गं. शेवटची ओळच जास्त आवडते."