जावयाची फटफटी

लग्नात जावयाने फटफटी मागितली, तीही दुकानातली सगळ्यात जड. शुक्रवार पेठेतल्या गंगाधरपंत वकिलांनी राग गिळून ती घेऊन दिली. दुकानातला मिस्त्री मानसिंग जावयाला म्हणाला, "साहेब, ही लई जड हाय. पयली गाडी हलकी घ्या की. आदी माळावर हात बसू द्या, मगच मागं कुणाला बसवा."

"मला शिकवू नकोस!" जावई खेकसला.

तिसऱ्याच दिवशी त्याने बायकोला, दुर्गेला, मागे बसवून होटगीचा रस्ता धरला. वळणावर गाडी खडीवरून घसरली, तसा तो उडी मारून मोकळा झाला. दुर्गेचा पाय मात्र गाडीखाली सापडून मोडला. पंतांनी लेकीला माहेरी आणलं आणि गाडी मानसिंगकडे टाकली.

महिन्याभराने जावयाचं पत्र आलं. "गाडी दुरुस्त करून ताबडतोब पाठवावी. दुर्गा अजून लंगडत असेल, तर तिची घाई नाही."

पंत उत्तर लिहायला बसले, पण संतापाने एकामागून एक कागद फाडत राहिले. दुर्गेने त्यांच्या हातातला टाक घेतला आणि लिहिलं,

"गाडी पाठवली आहे. आता तिच्याशीच संसार करावा."