दिवसाचा पहिला शब्द

ऑपरेशनच्या वेळी श्वासासाठी घशात नळी घातली की नंतर घसा सोलवटतो आणि झोपेचं खोबरं होतं. म्हणून भूलतज्ज्ञानं आजींच्या मानेत दोन्ही बाजूंना इंजेक्शन देऊन घशाच्या नसा बधिर केल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोठ्या उमेदीनं त्यांच्या खाटेपाशी आला.

“काय आजी, घसा दुखतोय का?”

“नाही.” शब्द कसला, गंजलेली कडी सरकवावी तसा आवाज.

तो पुढे वाकला. सुई आवाजाच्या नसेला तर लागली नाही ना?

“झोप?”

“छान लागली.” पुन्हा तसंच घोगरं.

त्यानं घाईघाईनं टॉर्च काढला. “आ करा बघू. आवाज कधीपासून बसलाय?”

आजी खाकरल्या.

“त्याला काय धाड भरलीय?” आता आवाज खणखणीत होता. “दिवसाचा पहिला शब्द माझा असाच निघतो, डॉक्टर. घरी तो निघेपर्यंत संध्याकाळ होते, कधी निघतच नाही. आज तुम्ही विचारलंत, म्हणून सकाळीच निघाला.”