नाव घातलेला बाक

"अण्णा, उठा की जरा. बाक न्यायचाय," पालिकेचा मुकादम म्हणाला.

भूपालअण्णा हलले नाहीत. "का म्हणून?"

"तुमचीच तक्रार हाय न्हवं? दुकानापुढं अडचण होतीय म्हणून. आज मंजूर झाली."

तक्रार खरीच होती. गाड्या बंद करून भांडी गल्ली चालणाऱ्यांसाठी मोकळी केली आणि दुकानासमोर हा स्टीलचा बाक ठोकला, तेव्हा अण्णा भेटेल त्याला सुनवायचे, "आता गिऱ्हाईक काय आभाळातून पडणार?" गिऱ्हाईक आलं ते बाकावरूनच. भाजीची पिशवी टेकवून बसलेल्या बायका उठताना झारा नाहीतर डबा घेऊन जाऊ लागल्या. गाड्यांच्या धास्तीने कधी दुकानाकडे न फिरकलेल्या अण्णांच्या घरच्या काकू तर रोज संध्याकाळी चहाचा थर्मास घेऊन चालत यायच्या. आत्ताही त्या अण्णांच्या शेजारीच बसल्या होत्या.

"तक्रार केलीत तुम्ही? या बाकाची?" काकूंनी विचारलं.

अण्णा ताडकन उठले. सुटलो, असं मुकादमाला वाटलं. पण अण्णा दुकानात जाऊन भांड्यांवर नावं घालायचं मशीन लांब वायरीसकट घेऊन आले आणि घर्र घर्र करत त्यांनी बाकाच्या पाठीवर कोरलं, 'सौ. पद्मावती भूपाल चौगुले'.

"अहो, माझं नाव कशाला?" काकू लाजल्या.

"आता सायबाला काय सांगू मी?" मुकादम कळवळला.

अण्णांनी गल्ल्यामागच्या जुन्या पाटीकडे बोट दाखवलं.

'नाव घातलेली वस्तू परत घेतली जाणार नाही.'