तळाचा गाळ

“चप्पल काढू का गं?” सासूबाईंनी दारातच विचारलं.

“नको आई, घालूनच या. फक्त या ट्रेमध्ये पाय बुडवा. बाहेरचं काही आत यायला नको.”

सासूबाईंनी साडी जरा वर धरली, औषधी पाण्यात दोन्ही पाय नीट बुडवले आणि आत आल्या.

मत्स्यालयाच्या मागची ही खोली. समुद्रातून आणलेला प्रत्येक मासा महिनाभर इथे वेगळा राहायचा, मगच लोकांसमोरच्या मोठ्या टाकीत जायचा. खोलीची सगळी जबाबदारी सुनेवर. मधल्या टाकीत चौदा पिवळे फुलपाखरू मासे आले होते, त्यातले नऊ उरले होते. तेही काचेला अंग घासत होते. डोळ्यांवर दुधी पडदा आला होता, आणि चार दिवसांत एकानेही खाण्याला तोंड लावलं नव्हतं.

तिच्या वरच्या साहेबांच्या मते हा पांढऱ्या डागांचाच रोग. त्यावरचं तांब्याचं औषध अकरा दिवस चालू होतं. “गुण येत नाही ना, मग संध्याकाळी मात्रा वाढव,” असं ते सकाळी म्हणाले होते. मात्रा वाढवली तर रोगाच्या आधी औषधच माशांना संपवेल, हे तिला दिसत होतं. पण “मग दुसरं काय झालंय त्यांना?” असं त्यांनी विचारल्यावर ती पुन्हा मायक्रोस्कोपकडे वळली होती. माशांच्या अंगावरचा चिकटा काचेच्या पट्टीवर घेऊन बघून बघून डोकं भणभणलं, तेव्हा तिने घरी फोन केला. सासूबाईंचा जन्म दवाखान्याच्या लॅबमध्ये गेला होता. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. “आई, जरा येऊन बघता का?” एवढंच ती म्हणाली होती, आणि पाऊण तासात त्या हजर.

सासूबाईंनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. स्टूल पुढे ओढलं. क्षणभर हात अधांतरी राहिला, मग बोटं आपणहून बरोबर मायक्रोस्कोपच्या चाकीवर गेली.

“एवढं मोठं करून काय बघतेस? आधी लहान भिंगातून सगळी काच फिरून यायची, मग एका जागी बसायचं.” काच पुढे-मागे सरकवत त्या बराच वेळ बघत राहिल्या. “यात काही नाही. यांची शी कुठे पडते?”

“शी?”

“हसू नकोस. माझी नोकरी त्यावरच झाली. तळाचा गाळ आण.”

सुनेने नळीने टाकीच्या तळाचा गाळ ओढून काढला. पहिल्या काचेत काही मिळालं नाही. दुसऱ्या काचेतही नाही. तिसऱ्या काचेवर सासूबाई थांबल्या. पाठ ताठ झाली.

“ये इकडे. ही तिकोनी दिसतायत, शेपटीसारखा दोरा असलेली, एकमेकांत गुंतलेली. ही काय आहेत?”

सुनेने वाकून पाहिलं. “अंडी.”

“माशांच्या रोगातलं मला काही कळत नाही. पण तुझे ते पांढरे डाग अंडी घालतात का?”

“नाही, आई. ते अंडी घालत नाहीत.” ती मटकन शेजारच्या खुर्चीवर बसली. “हे जंत आहेत. चपटे, काचेसारखे आरपार. अंगावर असले तरी दिसत नाहीत. तांब्याने यांचं काही होत नाही.”

“मग उठ की. बसतेस काय?”

तिने साहेबांना बोलावून काच दाखवली. साहेबांनी दोनदा पाहिलं, “गोड्या पाण्याची बादली लाव,” म्हणाले आणि जंताचं औषध आणायला स्वतःच कपाटाकडे गेले.

काळ्या बादलीत टाकीइतकंच कोमट गोडं पाणी भरलं. पहिला मासा त्यात सोडला, आणि तो आडवा पडला. कल्ले फडफडायला लागले. सुनेचा हात जाळीकडे गेला.

“किती वेळ ठेवायचा असतो?” सासूबाईंनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांपाशी नेत विचारलं.

“पाच मिनिटं.”

“सव्वाच मिनिट झालंय. हात मागे घे. मी बघते वेळ.”

तिसऱ्या मिनिटाला माशाच्या अंगावर तिळाएवढे पांढरे ठिपके उमटले. गोड्या पाण्याने आरपार जंत पांढरे पडत होते. मग ते एकेक करून सुटले आणि काळ्या तळावर जाऊन पडले. सुनेने मोजायला सुरुवात केली, चाळीसच्या पुढे मोजणं सोडून दिलं. मासा हळूच सरळ झाला.

नऊच्या नऊ मासे बादलीतून जिवंत निघाले. त्यांना औषध घातलेल्या नव्या टाकीत सोडलं. अंडी औषधाला दाद देत नाहीत, म्हणून आठवड्याने पुन्हा डोस द्यायचा ठरलं. सासूबाई निघाल्या तेव्हा सुनेला काहीतरी बोलायचं होतं. घरच्या माणसाला थँक्यू म्हणणं तिला परक्यासारखं वाटलं. तिने सासूबाईंचे हात आपल्या ओल्या हातात घेतले.

“पुरे गं, साडी भिजली माझी,” सासूबाई म्हणाल्या, पण हात सोडवून घेतले नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारातल्या ट्रेमध्ये पाण्याचा आवाज झाला. सासूबाई न बोलावता आल्या होत्या.

“या आई, वेळेवर आलात.” सुनेने चिमूटभर बारीक कोळंबी पाण्यावर सोडली. एक मासा वर आला, थबकला आणि त्याने तुकडा ओढला. मग दुसरा आला. मग सगळेच तुटून पडले. डोळ्यांवरचा पडदा विरत चालला होता.

सासूबाई काचेला नाक लावून उभ्या होत्या. त्यांचा श्वास काचेवर धुक्यासारखा उमटत होता.

“चौतीस वर्षं काचा बघितल्या,” त्या हळूच म्हणाल्या. “रिपोर्ट डॉक्टरांकडे जायचा, पेशंट परस्पर घरी जायचा. बरा झालेला पेशंट आज पहिल्यांदा बघतेय.”