घोंगड्यावरचा लॅपटॉप

नव्व्याण्णवची दिवाळी झाली आणि अमेरिकेतून मल्हारचा माझ्या बारामतीच्या दुरुस्तीच्या दुकानात फोन आला. "आईला नवाकोरा लॅपटॉप दिलाय. तो तापतो आणि अडकतो, असं कळलं. जाऊन बघा." आई कशी आहे ते बघा, असं काही म्हणाला नाही. अशा पोरांची मला चीड येते.

त्याच्या गावी, अंथुर्ण्याला गेलो. त्याची आई म्हाळसाबाई घरात एकट्याच. मांडीवर घोंगडं, त्यावर लॅपटॉप. आत एकच व्हिडिओ: त्यांची अमेरिकेतली नात छकुली हसत येते, टाटा करते आणि दार लावून आत जाते. आत्ता ती मध्येच अडकली होती. मशीन चुलीसारखं तापलेलं.

"मावशी, घोंगड्यानं खालची हवा अडतीय. पाटावर ठेवा, अडकणार न्हाय."

"ठिवून बघितलं की. पार शेवटापर्यंत चाललं."

"मग परत घोंगड्यावर कशाला?"

 

"शेवटाला पोरगी निघून जाती, बाबा. अशी अडकली की माझ्याकडं बघत ऱ्हाती, आन् मांडीला ऊब बी लागती."