अकरा सेकंद

यावेळी तो अकरा सेकंद टिकला.

ताईने मनातल्या मनात मोजले होते. लॅपटॉपचा पडदा उजळला, खालच्या पट्टीवरचे दोन लाल दिवे लागले, भावाच्या बुबुळांत त्यांचे ठिपके उमटले आणि सगळं काळं झालं.

"असू दे ताई," दारातून भावजय म्हणाली. "किती वेळा तेच ते करणार?"

"करावं लागेल तितक्या वेळा."

भावाला उशांच्या आधाराने बसवलं होतं. दोन वर्षांच्या आजारात त्याचे हात गेले, पाय गेले, शेवटी जीभ गेली. उरले ते डोळे. हा नवा कोरा लॅपटॉप त्या डोळ्यांसाठीच आणला होता. पडद्यावरच्या अक्षराकडे रोखून पाहिलं की लाल दिव्यांची पट्टी नजर टिपायची आणि ते अक्षर उमटायचं. नजरेबरोबर माऊसचा बाणसुद्धा हलायचा. वाक्य पूर्ण झालं की लॅपटॉप ते मोठ्याने वाचून दाखवायचा. वीस वर्षं कॉलेजात संगणक शिकवलेला माणूस तो, तासाभरात सगळं आत्मसात केलं. पहिलंच वाक्य त्याने ऐकवलं, "ताई, तू घोरतेस." सगळे इतके हसले की भावजयीच्या डोळ्यांत पाणी आलं.

असा तो चार दिवस बोलला. शनिवारी सकाळपासून लॅपटॉप सुरू होता होताच बंद पडायला लागला.

तोही नेमका आत्ता. शुक्रवारी सकाळीच डॉक्टर येऊन गेले होते. छातीचे स्नायूही आता दमत चाललेत, असं ते म्हणाले. गळ्यातून नळी घालून श्वासाचं यंत्र जोडलं तर आणखी काही वर्षं मिळतील, पण मग चोवीस तास कुणीतरी उशाशी लागेल. जोडायचं की नाही, ते त्याने स्वतः सांगायला हवं.

"पापण्यांच्या खुणेवर मी विसंबणार नाही," डॉक्टर म्हणाले होते. "त्या आता आपोआपही मिटतात. मला शब्दांत उत्तर हवंय. गुरुवारी येतो."

उद्या गुरुवार होता.

ताई कोर्टात टायपिस्ट होती. तीस वर्षं लोकांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे उतरवत आली होती. आता सख्ख्या भावाच्या एका शब्दासाठी तिच्या नाकी नऊ आले होते. कंपनीच्या फोनवरच्या बाईने सांगितलं ते सगळं तिने करून पाहिलं. चार्जर काढला, बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, वायरी काढल्या, पुन्हा लावल्या. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. "आतलं सगळं पुसून नव्याने सुरू करा," असंही ती बाई म्हणाली. पण पुसलं की भावाच्या नजरेची मापंही जाणार, आणि ती घेणारा माणूस पुन्हा पंधरा दिवसांनी येणार.

भाऊ काय म्हणेल, याची ताईला तिळमात्र शंका नव्हती. लहानपणी तापाने फणफणलेला असतानाही शाळेत जायचंच म्हणून रडणारा पोरगा तो. जगायचं, असंच म्हणेल. तिला कोडं पडलं होतं ते भावजयीचं. हल्ली ती उभ्या उभ्या पेंगायची. लॅपटॉप बंद पडल्यापासून ती एकदाही हळहळली नव्हती. तोंडात एकच, "असू दे."

दुपारी दुरुस्तीवाला घरी आला. जाड चष्मा, केस पिकलेले, बोलणं बेताचं. त्याने दोनदा लॅपटॉप बंद पडताना पाहिला. तिसऱ्यांदा कसलीशी बटणं दाबत सुरू केला. पडदा वेगळाच दिसला, ओबडधोबड, पण तो टिकला. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"लॅपटॉप ठणठणीत आहे," तो म्हणाला. "गरजेपुरत्या गोष्टी घेऊन उठवला की उठतोय. म्हणजे एरवी सुरू होताना काहीतरी आडवं येतंय."

तो शोधत राहिला. मग थांबला. चष्मा काढून शर्टाला पुसला.

"बाई, जरा बाहेर येता?"

बाहेर आल्यावर तो हलक्या आवाजात म्हणाला, "आत एक छोटीशी फाईल आहे. एकाच ओळीची. सुरू झालास की लगेच बंद हो, एवढंच तिच्यात लिहिलंय. हे आपोआप होत नसतं. कुणीतरी मुद्दाम करून ठेवलंय."

"कधी?"

"शुक्रवारी. दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी."

शुक्रवारी दुपारी ताई कोर्टात होती. घरात कोण होतं, हे विचारायची गरजच नव्हती.

"काढून टाका ती ओळ," ती म्हणाली आणि तडक स्वयंपाकघरात गेली. भावजय ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"त्याचं उत्तर तुला ऐकायचं नव्हतं," ताई म्हणाली. "एवढं तरी सरळ सांगायचंस."

भावजय वळली. कसलं उत्तर, असं तिने विचारलं नाही.

"आणि तुम्हाला ऐकायचं होतं का ताई?" ती म्हणाली. "कुठलंही आलं असतं, तरी?"

"तोंड वर करून मलाच विचारतेस?"

"बाई," आतून हाक आली. "झालं. बघा."

दोघी खोलीत गेल्या. पडदा उजळला. लाल दिवे लागले. दहा, अकरा, बारा. वीस. तीस. दिवे लागलेलेच होते. तिने भावाचं डोकं छातीशी धरलं आणि पाच दिवसांचं रडू तिला एकदम फुटलं.

"बोल रे राजा," ती म्हणाली. "उद्या डॉक्टरांना सांगशीलच. पण त्याआधी हिला ऐकव. तुझं तोंड कुणी बंद केलं होतं माहितीये? तुझ्या बायकोने! घरातल्या माणसाने!"

भावजय भिंतीला टेकली.

भाऊ पडद्याकडे पाहत होता. हळूहळू, एकेक करून अक्षरं उमटू लागली. दुरुस्तीवाला नजर खाली घालून पिशवी भरत राहिला. शेवटी लॅपटॉप त्याच्या त्या सपाट, स्वच्छ आवाजात बोलला.

"तिला काही बोलू नकोस. ती ओळ मीच लिहिली. परत घाल."