उत्तरेची खिडकी

“या हिवाळ्यानंतरही फूल आलं नाही, तर काचघर पाडायचं,” धाकटी जाऊ म्हणाली आणि तिने वाढायचा चमचा भांड्यात आपटला.

थोरलीने मान वर केली नाही. “आलं तर?”

“तर मी पुन्हा त्या जागेचं नाव काढणार नाही.”

“ऐकलंत ना, भावजी?”

“ऐकलं,” धाकटीचा नवरा म्हणाला. “आता मला सुखाने जेवू द्या.”

धाकटीचं भाड्याचं दुकान उन्हाळ्याआधी सोडायचं होतं. सहा शिवणयंत्रं, दोन कारागीर बायका आणि वर्षानुवर्षं टिकवलेली गिऱ्हाइकं घेऊन तिने जायचं कुठे? घरामागच्या काचघराची जागा तिला नेमकी पुरणारी होती. पण तिथे थोरल्या दिरांनी जमवलेली झाडं होती. तीन वर्षांपूर्वी दीर गेले आणि त्यांच्यामागे एकेक झाडही गेलं. उरलं हे एकच ऑर्किड. उंच डोंगरांतल्या थंडीत वाढणारं, बोटभर जाडीच्या लोंबत्या कांड्यांचं. दीर होते तोवर ते दर वर्षी फुलायचं. नंतर एकदाही नाही.

“काठ्यांची मोळी नुसती,” धाकटी म्हणायची. “मोळीला काचेचा महाल, आणि माणसांनी रस्त्यावर बसायचं.”

“मोळी निदान तोंड चालवत नाही,” थोरली म्हणायची.

थंडी सुरू झाली तसा थोरलीने नवा कायदा काढला. “काचघराच्या उत्तरेच्या खिडकीला कोणी हात लावायचा नाही. रात्रीचा गारठा आत शिरला, तर झाड संपलंच म्हणून समजा.”

हे तिने जेवताना सांगितलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी पुन्हा सांगितलं.

“आम्हाला दुसरे उद्योग आहेत,” धाकटी म्हणाली.

त्याच दिवशी झोपण्याआधी ती वाळलेले कपडे काढायच्या निमित्ताने मागे गेली. खिडकीची कडी उंचावर होती, चवड्यांवर उभं राहून ती काढावी लागली. सकाळी थोरली उठायच्या आत तिने खिडकी लावून टाकली. मग ते रोजचंच झालं. पकडलं जायची भीती नव्हती. थोरलीचा खांदा आखडलेला, गुडघे त्याहून वाईट. त्या कडीपर्यंत ती पोचणारच नव्हती.

महिन्याभरात झाडाची पानं पिवळी पडली आणि गळाली. थोरली झारी मांडीवर घेऊन कुंडीपाशी बसून राहायची. कुंडी मात्र कोरडी ठणठणीत. धसक्याने पाणी घालायचंही सुचत नसेल, असं धाकटीला वाटलं. क्षणभर तिला वाईटही वाटलं. मग तिने सुताराला बोलावून जागेचं माप घेतलं.

“अजून मेलं नाही ते,” थोरली दारातून म्हणाली.

“मग श्वास घेताना तरी दाखवा.”

थंडी ओसरता ओसरता बोडक्या कांड्यांवर पेरापेराशी फोडांसारखं काहीतरी उठलं. सड लागली, धाकटीने ओळखलं. आता खिडकीची गरज उरली नव्हती. तिने मागे जाणंच सोडलं आणि दुकानातली आवराआवर सुरू केली.

काही आठवड्यांनी एका सकाळी नवऱ्याने काचघरातून हाक मारली. ती हात पुसत गेली आणि दारातच थबकली. थोरली कुंडीपाशी बसली होती आणि एकही पान नसलेल्या कांड्या फुलांनी लगडल्या होत्या. पांढऱ्या पाकळ्या, जांभळी टोकं, गळ्याशी पिवळा डाग.

“सुताराला नको म्हणून कळव,” नवरा म्हणाला. “शब्द तुझाच होता.” आणि तो निघून गेला.

धाकटीने एक फूल चिमटीत धरून पाहिलं. “शक्यच नाही. इतके दिवस रोज रात्रीचा गारठा...” तिने जीभ चावली.

“थंडीत पाणी तोडून गारठा दिल्याशिवाय हे फुलतच नाही,” थोरली म्हणाली. “तुझे दीर हिवाळाभर रोज रात्री ती खिडकी उघडायचे. ते गेल्यापासून कोण उघडणार?”

“मग मला सांगायचं होतंत!”

थोरलीने एक वाळकं पान कुंडीतून उचलून बाहेर टाकलं.

“उघड म्हटलं असतं, तर तू जन्मात उघडली नसतीस. म्हणून उघडू नको म्हटलं.”